शेजारधर्म

मराठीत ‘शेजारधर्म’ असा एक सुरेख शब्द आहे. तो ज्याने कुणी काढला तो गृहस्थ रत्नागिरीचा नसावा. इतर गावांत शेजारधर्म म्हणजे विरजणाला चमचाभर दही देणं, बाहेरगावी जाताना किल्ली ठेवून घेणं, पोस्टमनकडून घेतलेलं दुसऱ्याचं कार्ड न वाचता त्याला पोचवणं. आमच्याकडे शेजारी हा आधी प्रतिवादी असतो. त्यातून वेळ उरलाच तर तो शेजारी होतो.

याचं मूळ गडग्यात आहे. कोकण न पाहिलेल्या वाचकांसाठी सांगतो, गडगा म्हणजे दोन आवारांच्या मधे जांभे दगड एकावर एक रचून केलेली कंबरभर उंचीची भिंत. तिच्यात चुना नाही, सिमेंट नाही. ती केवळ परस्परांच्या अविश्वासावर उभी असते. दर पावसाळ्यात ती थोडी ढासळते, आणि पावसाळा संपला की पुन्हा रचली जाते. रचताना ती कोणाच्या बाजूला चार बोटं सरकली, हा प्रश्न दिवाणी स्वरूपाचा असतो. शिवाय झाडं आहेतच. फणस माझा, फांदी तुमच्या हद्दीत, आणि फळ पडलं तुमच्या अळवात. तर गरे कोणाचे? या प्रश्नावर आमच्या गावात जेवढं चिंतन झालंय तेवढं मोक्षावर झालेलं नाही.

आमचाही एक दावा होता. गडग्यालगतच्या दीड फूट जागेसाठी आमच्या आजोबांनी तो लावला होता. पुढे आजोबा गेले, प्रतिवादी गेले, दोन्ही बाजूंचे वकील गेले. दावा मात्र ठणठणीत होता. आमच्या घरात वडीलधारं असं तेवढंच उरलं होतं, म्हणून आम्ही त्याला मान देत असू. तारखेच्या दिवशी सकाळी देवाला नारळ ठेवायचा आणि दुपारी पुढची तारीख घेऊन परत यायचं, एवढा कुळाचार आम्ही पिढ्यान्‌पिढ्या पाळला.

आता अशा मुलखात येऊन कुणी ‘शेजाऱ्यावर स्वतःइतकंच प्रेम करा’ असं सांगू लागला, तर आमचा माणूस चष्मा कपाळावर चढवून काय म्हणेल? ‘ते राहू द्या. शेजारी या शब्दाची व्याख्या काय, ती आधी सांगा.’

गंमत अशी, की येशू ख्रिस्ताला नेमका हाच प्रश्न विचारला गेला होता. आणि विचारणारा गृहस्थ धर्मशास्त्राच्या कायद्यातला जाणकार होता, म्हणजे थोडक्यात वकीलच. शेजाऱ्यावर प्रेम करावं ही आज्ञा यहुद्यांच्या जुन्या धर्मशास्त्रात होतीच. तिच्यातली पळवाट शोधायला कुणीतरी हवं होतं, ते या गृहस्थांनी केलं. लूकच्या शुभवर्तमानात हा प्रसंग वाचताना मला एकदम घरच्यासारखं वाटलं. मी ख्रिस्ती नाही, आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती असतो. पण वकिलाने उभं राहून व्याख्या मागावी, हे दृश्य मला कुठल्याही धर्मात ओळखू येतं.

येशूने व्याख्या दिली नाही. गोष्ट सांगितली. यरुशलेमहून यरीहोला जाणारा रस्ता चांगला हजारेक मीटर खाली उतरतो. आंबा घाट डोळ्यांसमोर आणा म्हणजे झालं. त्या रस्त्यावर एका वाटसरूला चोरांनी लुटून, मारून, अर्धमेला करून टाकला होता. पहिल्यांदा तिथून एक याजक गेला, म्हणजे आपल्याकडचे भटजी समजा. त्याने पाहिलं आणि रस्त्याची दुसरी बाजू धरली. मग देवळाच्या सेवेतला एक लेवी आला. त्यानेही तेच केलं. माणूस मेला असेल तर शिवल्याचा विटाळ व्हायचा, असा हिशेब त्यांच्या मनात असावा. तिसरा आला तो शोमरोनी. यहुदी आणि शोमरोनी यांचं एकमेकांशी मुळीच पटत नसे, पाण्याच्या भांड्यापर्यंत शिवाशीव होती. तो मात्र थांबला. त्याने जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या, त्या माणसाला आपल्या जनावरावर घालून उतारशाळेत नेलं आणि त्याची काळजी घेतली. दुसऱ्या दिवशी त्याने उतारशाळेच्या मालकाला दोन दिनार दिले, म्हणजे मजुराची दोन दिवसांची कमाई. वर सांगितलं, की आणखी खर्च झाला तर करा, परत येईन तेव्हा देईन.

या सगळ्या गोष्टीत तो शोमरोनी ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ असं एकदाही म्हणत नाही. किंबहुना त्या जखमी माणसाशी तो एक शब्द बोलल्याची नोंद नाही. तेल, पट्टी, जनावर, खोलीभाडं आणि उधारी, एवढाच मजकूर आहे. प्रेमाची इतकी कोरडी गोष्ट जगात दुसरी नसेल. म्हणूनच ती कोकणी माणसाला पटण्यासारखी आहे. आमच्याकडे प्रेम बोलून दाखवायची रीत नाही. मुलगा वीस वर्षांनी अमेरिकेतून आला तरी बाप ओटीवरून ‘आलास? पाय धू’ एवढंच म्हणतो, आणि मग मागच्या दाराने जाऊन झाडावरचा सगळ्यात मोठा फणस उतरवतो.

कोकणात ख्रिस्ताच्या या गोष्टी सांगणारे तसे लवकर आले. १८२३ साली स्कॉटिश मिशनरी बाणकोटला येऊन राहिले. मग हर्णैला गेले. त्यांनी शाळा काढल्या. आमच्या लोकांनी मुलगे शाळेत पाठवले आणि धर्म घरी ठेवला. दोन्ही गोष्टी सुखरूप राहिल्या. पुढे दापोलीला मिशनची इंग्रजी शाळा झाली. त्या शाळेत शिकलेल्या पां. वा. काणे यांनी ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ हा हजारो पानांचा ग्रंथ लिहिला आणि १९६३ साली भारतरत्न मिळवलं. मिशनच्या शाळेतून बाहेर पडून हिंदू धर्मशास्त्राचा एवढा मोठा इतिहास लिहायचा, ही कामगिरी कोकणी माणसालाच जमते. त्याच शाळेच्या बाकावर पुढे पालगडचा एक मुलगा बसला. त्याला आपण साने गुरुजी म्हणतो. प्रेमालाच धर्म म्हणणारी त्यांची प्रार्थना तुम्हीआम्ही शाळेत हात जोडून म्हटली आहे. म्हणताना पुढच्या मुलाला चिमटाही काढला आहे.

आणि टिळक तर आमच्या जिल्ह्याने दोन दिले. एक लोकमान्य; त्यांच्याविषयी मी सांगायला नको. दुसरे नारायण वामन टिळक, १८६१ साली करजगावात जन्मलेले. हे कवी. १८९५ च्या फेब्रुवारीत त्यांनी मुंबईला बाप्तिस्मा घेतला आणि सगळ्या गोतात हलकल्लोळ उडाला. पण धर्म बदलला तरी अभंग आणि कीर्तन त्यांनी सोडलं नाही. ख्रिस्ताला त्यांनी टाळ-मृदंगासकट मराठीत आणलं. शेवटी १९१७ साली मिशनची नोकरीही सोडली आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघांनाही जागा होती. दार उघडं टाकायची त्यांना सवयच होती. घरी कोण येईल, किती दिवस राहील आणि जाताना काय घेऊन जाईल, याचा नेम नसे. बालकवी ठोंबरे त्यांच्या नगरच्या घरातच राहिले होते.

पण टिळकांच्या या प्रेमाचा स्वयंपाक कोण करत असे? लक्ष्मीबाई. नवरा ख्रिस्ती झाला तेव्हा त्या सोवळ्यातल्या. पाच वर्षं त्यांनी स्वतःशी झगडा केला. मग हळूहळू सोवळं गळालं आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. त्यांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून पुस्तकरूपाने येऊ लागली आणि मराठी माणसाला कळलं, की प्रेमाला एक मागची बाजू असते. पुढच्या दारात उभा राहून ‘या, या’ म्हणणारा एक असतो. डब्यात तांदूळ किती उरले आहेत हे ठाऊक असणारी एक असते. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना आपण हसतो, आणि हसता हसता त्या बाईच्या पायाशी बसावंसं वाटतं. माझं तर असं मत झालंय, की जगातल्या प्रत्येक धर्माचं शेजारप्रेम शेवटी कुणातरी बाईच्या हातून जातं. आमच्या घरी ते जिच्या हातून आलं तिची हकिगत आता सांगतो.

तिला सगळी आळी ‘सिस्टर’ म्हणते. मूळच्या नगरकडच्या मराठी ख्रिस्ती. नर्सिंगचं शिक्षण मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात. हे हॉस्पिटल डॉ. वानलेस यांनी १८९४ साली उभं केलं. आमच्या लहानपणी कोकणात ‘मिरजेला नेलाय’ असं कुणाबद्दल कळलं की बायका हातातलं काम खाली ठेवत. आंबा घाट चढून, कोल्हापूर ओलांडून, एस.टी.च्या मागच्या बाकावर आडवं होऊन लोक तिथे जात आणि पुष्कळसे बसून परत येत. तिथे तयार झालेली नर्स म्हणजे काय, हे सांगायला नको. सिस्टरांनी सरकारी दवाखान्यांत सगळी नोकरी केली, २००० च्या सुमारास निवृत्त झाल्या आणि साठवलेल्या पैशांतून आमच्या शेजारचं घर घेतलं. घराबरोबर विहीर, दोन कलमं, एक फणस आणि आमचा दावा हेही त्यांच्याकडे आलं.

प्रेमळ माणूस म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे जे येतं ते सिस्टरांकडे पाहून येत नाही. आवाज असा, की आळीतल्या पोरांचे दात दुखायचे थांबावेत. पहिल्याच आठवड्यात त्यांनी आमच्या वाण्याला मिठावरून झापलं, रिक्षावाल्याच्या पायाची जखम बघून त्याला भररस्त्यात खाली बसवला आणि माझ्या पोटाकडे बघून ‘साखर तपासलीत का?’ असं विचारलं. ओळख नव्हती. तपासली तेव्हा ती वाढलेली निघाली. तेव्हापासून त्या आमच्या घरच्या झाल्या, असं मला म्हणता आलं असतं. पण आमच्या घरी आत्या होती.

आत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. १९१८ सालचा जन्म. लहानपणी लग्न झालं आणि लवकरच कपाळ पांढरं घेऊन ती माहेरी परत आली. त्यानंतरचं सारं आयुष्य तिने सोवळ्यावर आणि आमच्यावर खर्च केलं. सर्व जातींना खुलं असलेलं पतितपावन मंदिर रत्नागिरीत १९३१ साली झालं. तेव्हा आत्या तेरा वर्षांची होती. ती बातमी तिच्यापर्यंत पोचली नसावी. नवीन शेजारीण ख्रिस्ती आहे हे कळल्यावर तिने पडवीच्या फडताळात एक वेगळी कपबशी काढून ठेवली आणि सिस्टरांच्या आदरातिथ्याचा विषय तिच्यापुरता मिटवला.

पहिल्या नाताळाला सिस्टरांनी गडग्यावरून करंज्यांचं ताट दिलं. आत्याने ते दोन बोटांनी धरून मागच्या दारी ठेवलं. सिस्टरांनी ते पाहिलं. त्यांच्या नजरेतून सुटणारी गोष्ट परमेश्वराने अजून निर्माण केलेली नाही. पुढच्या नाताळाला ताट दोन आली. एकात आमच्या पोरांसाठी करंज्या, आणि दुसऱ्यात आत्यासाठी न सोललेला नारळ आणि केळ्यांची फणी. सोलायच्या फळाला विटाळ नसतो, हे शास्त्र सिस्टरांनी कुणाला तरी विचारून घेतलं होतं. आत्याने नारळ हातात घेतला, कानाशी नेऊन हलवून पाहिला आणि म्हणाली, “पाणी आहे हो भरपूर.” कोकणातल्या माणसाने नारळाबद्दल एवढं म्हटलं म्हणजे मानपत्र दिल्यासारखंच आहे.

२००३ च्या वैशाखात आत्याला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा निम्मी गेली. डॉक्टरांनी आठ दिवसांनी घरी न्यायला सांगितलं. मग आमच्या घरी प्रेमाचा पूर लोटला. नातेवाईक आले. भेटायला येणाऱ्या माणसाचं प्रेम कसं असतं, ते तुम्हाला माहीत आहे. तो रोग्याच्या उशाशी बसतो, चहा घेतो, आणि अगदी याच दुखण्याने आपल्या ओळखीची कोणकोण माणसं गेली त्यांची यादी सांगतो. काहीजण अंगारा देऊन गेले. एकाने कबुतराच्या रक्ताचं मालीश सुचवलं. एक जण सकाळच्या गाडीने येऊन रात्रीच्या गाडीने गेले आणि मधल्या वेळात त्यांनी आमच्याच कलमाखालचे दोन डझन आंबे वेचून नेले.

सिस्टर दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला आल्या. आत्या निम्म्या तोंडाने म्हणाली, “देवघराकडून नको.” सिस्टर बाहेर गेल्या, घराला वळसा घालून मागल्या पडवीतून आत आल्या आणि कामाला लागल्या. पुढे चार महिने तो वळसा चुकला नाही. आमच्या मुलखात एवढ्या कारणावरून माणसं तीन पिढ्या बोलत नाहीत. मी तसं सिस्टरांना म्हणालोही. त्या म्हणाल्या, “वळसा चाळीस पावलांचा आहे. मला डॉक्टरांनी चालायला सांगितलंय.”

अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं दुखणं एकीकडे असतं आणि मरण पाठीला असतं, हे मला त्या चार महिन्यांत कळलं. एकाच कुशीवर पडून राहिलं की हाडाच्या जागी कातडी दबते, रक्त पोचत नाही, आधी लाल होते, मग फुटते. एकदा फुटली की लवकर भरत नाही. त्यावर उपाय एकच, दर दोन तासांनी कूस बदलणं. औषध नाही, इंजेक्शन नाही, नुसतं वळवायचं. सिस्टरांनी भिंतीवर तक्ता लावला आणि घरातल्या प्रत्येकाला एकेक पाळी दिली. रात्री दोनची पाळी माझी होती. सिस्टर पहाटे येऊन आत्याच्या पाठीवर, टाचांवर, कमरेच्या हाडावर बोट दाबून पाहत आणि रात्री कोण झोपलं होतं ते अचूक सांगत. मग कोमट पाण्याने अंग पुसायचं, कोरडं करायचं, चादरीची एकूण एक सुरकुती काढायची, टाचांखाली उशी सारायची. आणि हे चालू असताना तोंडाने आत्याला रागावणं. “हात हलवा. हलत नाही म्हणू नका, मी पाहिलाय काल हलताना. खोटं बोलायचं वय आहे का हे?” आत्या डोळ्यांनी उलटून शिव्या देई. दोघींचं चांगलं जमलं.

पैशाची गोष्ट निघाली तेव्हा सिस्टरांनी पावडर, कापूस आणि रबरी चादर यांची बिलं पुढे केली. साडेअठ्ठावन्न रुपये. मी शंभराची नोट देऊन ‘राहू द्या’ म्हटलं. त्यांनी साडेएकेचाळीस रुपये मोजून माझ्या हातावर ठेवले आणि म्हणाल्या, “मी धंदा काढलेला नाही.”

मुंबईचे मधले काका आले तेव्हा हा सगळा प्रकार पाहून त्यांना संशय आला. काका मंत्रालयातून निवृत्त झालेले. कुठलीही व्यक्ती कारणाशिवाय काही करते, यावर त्यांचा विश्वास बसत नसे. आम्हाला बाजूला घेऊन म्हणाले, “एवढं करते म्हणजे हेतू असणार. एक तर धर्माचं काहीतरी आहे, नाहीतर दाव्याचं.” आत्या पंचाऐंशीव्या वर्षी धर्म बदलेल असं मानणाऱ्या माणसाने आत्या पाहिलेली नसावी, असं कुणालाही वाटलं असतं. पण काका तर तिचे सख्खे भाऊ. शेवटी त्यांनी पडवीत सिस्टरांना गाठलंच.

“सिस्टर, स्पष्ट विचारतो, राग मानू नका. हे सगळं तुम्ही कशासाठी करता?”

सिस्टर टॉवेल पिळत होत्या. म्हणाल्या, “पाठ सडू नये म्हणून.”

“तसं नव्हे. म्हणजे, यामागे तुमच्या धर्माचं काही आहे का?”

“आहे की. आम्हाला तशी आज्ञा आहे.”

“कसली आज्ञा?”

“शेजाऱ्यावर प्रेम करायची.”

काकांना जरा विजय झाल्यासारखं वाटलं. “म्हणजे तुम्ही आज्ञा म्हणून करता. मनापासून, आवड म्हणून नव्हे.”

सिस्टरांनी टॉवेल झटकला. “अहो, आवडीवर सोडलं असतं, तर आत्याबाईंच्या वाट्याला कोण आलं असतं?”

आतून कसलासा आवाज आला. आम्ही धावलो. आत्या निम्म्या तोंडाने हसत होती.

मी त्या वाक्यावर पुष्कळ दिवस विचार केला. प्रेम हृदयातून उमलतं असं आपल्याला कवींनी शिकवलं. खरं असेल. पण पहाटे साडेपाचला ते उमलेलच असं नाही, आणि दुर्गंधी आली की ते पुन्हा मिटतं. आवडतं माणूस असेल तर कुणीही करील. नावडत्या, तोंडाळ, आपली कपबशी वेगळी ठेवणाऱ्या म्हातारीसाठी काहीतरी अधिक कडक लागतं. सिस्टरांच्या धर्माने ते ‘आज्ञा’ या रूपात दिलं होतं, आणि मिरजेच्या हॉस्पिटलाने तिला वेळापत्रक जोडून दिलं होतं. दर रविवारी त्या प्रार्थनेला जात, पण आधी आमच्याकडे येऊन आत्याची कूस बदलून मग जात. एकदा मी म्हटलं, आज उशीर होईल तुम्हाला. त्या म्हणाल्या, “तिथे खूप माणसं आहेत. माझ्यावाचून अडत नाही.”

पावसाळा लागला. सिस्टरांच्या घरातून आमच्याकडे यायचं म्हणजे रस्त्यावर उतरून, मोठा वळसा घेऊन, शेवाळलेल्या जांभ्याच्या पायऱ्या चढून यायला लागे. आत्याची खाट खिडकीशी होती. पहाटे एका हातात छत्री आणि दुसऱ्यात बॅटरी धरून गडग्याच्या कडेकडेने येणाऱ्या त्या बाईकडे ती रोज बघत असणार. आषाढात एका सकाळी ती मला म्हणाली, “गडगा... काढ.”

काका दचकले. “अगं ताई, दावा चालू आहे! जैसे थे हुकूम आहे कोर्टाचा. दगड हलवला तर बेअदबी होईल!”

आत्याने काकांकडे ज्या नजरेने पाहिलं त्या नजरेची बेअदबी करण्याची हिंमत आमच्या घराण्यात कुणाची नव्हती. मी वकिलांकडे गेलो. दोन्ही बाजूंनी पुरसीस दिली, वाद मिटला म्हणून कळवलं. आमचे वकील तिसऱ्या पिढीतले. त्यांच्या वडिलांनी हीच फाइल त्यांच्या हाती ठेवली होती. सही घेताना ते इतके खिन्न दिसले, की कोर्टातून बाहेर पडल्यावर सिस्टरांनीच त्यांना चहा पाजला आणि रक्तदाब तपासून घ्यायला सांगितलं. त्याच दिवशी गड्याने गडग्यात तीन फुटांची वाट पाडली आणि तिथे बांबू आडवे घालून बेडं बसवलं. निघालेले दगड कोणाचे किती, ते मोजायला कुणी आलं नाही.

त्या वाटेने सिस्टर पहिल्यांदा आल्या त्या दिवशी आत्या म्हणाली, “ज्येवून... जा.” आणि मग डावा हात उचलून तिने स्वयंपाकघराकडे दाखवलं, “आत.” सिस्टर म्हणाल्या, जेवण झालंय, चहा चालेल. आमची ही पडवीतल्या फडताळाकडे वळली तशी आत्याने खाटेवर हात आपटला. मग आतली कपबशी निघाली. सिस्टर चुलीपाशी पाटावर बसून चहा प्यायल्या आणि म्हणाल्या, “साखर जास्त घालता तुम्ही. म्हणून यांचं वाढलंय.” तो रोख माझ्याकडे होता.

आत्या श्रावणात गेली. शेवटचं न्हाऊ घालताना बायकांबरोबर सिस्टर होत्या. नंतर आमच्या हिने मला सांगितलं, की एवढ्या महिन्यांच्या आजारपणानंतरही आत्याच्या पाठीवर एक जखम नव्हती. काकांनाही ते कुणीतरी सांगितलं. काका बराच वेळ ओटीवर बसून राहिले आणि मग उठून, कुणी न सांगता, सिस्टरांच्या अंगणात पडलेल्या झावळ्या ओढून रचून ठेवू लागले. काकांचं वय तेव्हा त्र्याहत्तर होतं.

आता सिस्टरच ऐंशी ओलांडून गेल्या आहेत. गुडघे धरलेत, एका डोळ्यात मोतीबिंदूनंतर रोज थेंब घालावे लागतात. आमची ही दिवसातून तीनदा बेड्यातून पलीकडे जाते. थेंब घालायच्या आधी ‘हात धुतलेस का?’ हा प्रश्न तीनदा येतो, आणि ही घरी येऊन तीनदा माझ्यापाशी कुरकुरते. पाऊस असो, पाहुणे असोत, जायची मात्र चुकत नाही. मी संध्याकाळी त्यांना वाचून दाखवायला जातो. आधी पेपर, मग बायबल. पेपर ऐकताना त्या झोपतात, बायबलात मी ऱ्हस्वदीर्घ चुकवला की जाग्या होतात.

मधे एकदा त्या शोमरोन्याची गोष्ट आली. वाचून झाल्यावर मी विचारलं, “सिस्टर, तो परत येऊन उरलेले पैसे देणार होता. आला का शेवटी? इथे लिहिलेलं नाही.”

त्या डोळे मिटूनच म्हणाल्या, “त्याला यायची गरजच काय? जखमी माणूस बरा झाला असेल ना? त्याने भरले असतील.”

असेलही. पण तो माणूस रत्नागिरीचा असता, तर त्याने आधी बिल तपासून घेतलं असतं.